माहेरचा रकाना

माझी आजी साखरेला 'मोरस' म्हणायची. गूळ तो गूळ, आणि डब्यातली पांढरी ती मोरस. लहानपणी मला वाटे, मोर आणि रस यांचा काहीतरी संबंध असावा. पुढे कळले की मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात त्या बेटाची साखर एवढी उतरत होती की बेटाचे नावच मालाला चिकटले आणि कोकणातल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. चिनी मातीची ती चिनी, तशी ही मोरस.

ही साखर करणाऱ्या मजुरांमध्ये आमच्याच जिल्ह्यातली माणसे होती, हे मात्र आजीला ठाऊक नव्हते. मलाही ते फार उशिरा कळले, आणि तेही पुस्तकातून नव्हे, एका कागदामुळे.

रत्नागिरीच्या इतिहासावर अधूनमधून लिहितो म्हणून लोक माझ्याकडे काही ना काही घेऊन येतात. बहुतेक वेळा ताम्रपट असल्याची खात्री असलेली पितळेची ताटली असते. या वेळी आलेल्या बाई मॉरिशसहून आल्या होत्या. साठीच्या, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. घरी क्रेओल, लिहायला फ्रेंच, आणि शाळेत शिकलेले मराठी, तेही छापील पुस्तकासारखे. 'मी माझ्या खापरपणजीच्या आईचे गाव शोधत आहे,' असे त्या एका दमात म्हणाल्या. वाक्य पाठ करून आल्या असाव्यात.

त्यांच्याजवळ मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतून मिळालेला उतारा होता. मॉरिशसला आलेल्या हिंदुस्थानी मजुरांच्या नोंदवह्या या संस्थेत जपलेल्या आहेत, आणि वंशजांना त्यांतून दाखला मिळतो. या बाईची नोंद १८५०च्या दशकातली. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरच्या खुणा, जिल्हा, गाव, जहाज. जिल्हा 'रुतनाघेरी'. गाव 'निवरी'. खुणांच्या जागी 'दोन्ही हातांवर गोंदण'. उंची चार फूट अकरा इंच. नाव मी इथे देत नाही, कुटुंबाची तशी इच्छा आहे. शिवाय नाव दिल्याने फारसा उपयोगही नाही, ते का ते पुढे येईलच.

प्रथम ही माणसे तिथे कशी गेली ते थोडक्यात. मॉरिशस हे १७१५ ते १८१० फ्रेंचांचे बेट. 'इल द फ्रान्स' हे त्याचे त्या काळचे नाव. ला बुर्दोने या गव्हर्नरने पोर्ट लुई वसवले, ऊस वाढवला, आणि उसामागून आफ्रिका व मादागास्करचे गुलाम आले. १८१०मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे धर्म, कायदे आणि चालीरीती कायम ठेवण्याचे कबूल केले. त्यामुळे झेंडा इंग्रजी आणि मळेवाला, वकील, जन्ममृत्यूची नोंद हे सारे फ्रेंच, असे ते विचित्र राज्य झाले. १८३५मध्ये गुलामगिरी संपली, पण ऊस काही थांबणारा नव्हता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले, आणि तिथून जे सुरू झाले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चालले. सुमारे साडेचार लाख माणसे. १८६१च्या जनगणनेत बेटावरच्या शंभरांपैकी साठांहून अधिक लोक हिंदुस्थानी होते. शेजारचे रेयुनियाँ फ्रेंचांकडेच राहिले, आणि १८६०–६१च्या करारांनंतर इंग्रजांच्या मुलखातून तिथेही मजूर नेण्याची मुभा मिळाली. पण मराठी माणसाचे फ्रेंच बेट म्हणजे मॉरिशसच.

बहुसंख्य लोक बिहारचे आणि तमिळ-तेलुगू मुलखातले. मुंबई बंदरातून गेलेले शंभरांत दहाच्या आत, आणि त्यांतले बहुतेक १८४० ते १८६५च्या दरम्यानचे. ही माणसे कोठून आली असतील याचे नवल वाटायला नको. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजच्या सिंधुदुर्गाचा काही भागही त्यातच धरायचा, आणि घाट, समुद्र व खोत या तिघांच्या मध्ये सापडलेल्या या पट्टीतून माणूस बाहेर पडतच होता. पलटणीत, गोदीत, पुढे गिरणीत. पावसाळा सरला की मचव्याने मुंबई गाठायची, आणि भात लावायला परत यायचे. मुंबईच्या धक्क्यावर काम शोधणाऱ्या अशाच माणसाला कोणीतरी म्हणाले असेल, पाच वर्षे, महिना पाच रुपये, तांदूळ-डाळ वर. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापतात, हे अर्थातच सांगितले नसेल.

पुरुषांचे हे कारण समजते. बाई कशी गेली, हा प्रश्न मात्र कागद वाचताना सारखा डोके वर काढतो. पहिल्या काही वर्षांत जहाजांवर बायका नगण्य होत्या. मळेवाल्यांना हात हवे होते, चुली नकोत. पण एकटे पुरुष टिकत नाहीत, पळतात, परत जातात, हे लक्षात आल्यावर सरकारने जहाजामागे बायकांचे प्रमाण ठरवायला सुरुवात केली. आकडा बदलत राहिला, आणि शेवटी शंभर पुरुषांमागे चाळीस बायका हा दंडक सगळ्याच वसाहतींना लागू झाला. म्हणजे भरती करणाऱ्याला जहाज सोडायचे तर मोजून बायका दाखवणे भाग. कोणी नवऱ्याबरोबर गेली, कोणी दुष्काळात घर मोडल्यावर, कोणी विधवा, आणि कोणी बंदरावरच 'अमक्याची बायको' म्हणून लिहिली गेली. यांतली आपली कोणती, हे नोंदवही सांगत नाही. मरिना कार्टर या संशोधिकेने १९९४मध्ये मॉरिशसमधल्या हिंदुस्थानी स्त्रियांच्या अर्जांवर आणि जबान्यांवर 'लक्ष्मीज् लेगसी' हे पुस्तक लिहिले. त्यात या बायका केवळ फसवलेल्या अबला म्हणून येत नाहीत. त्या नवऱ्याविरुद्ध तक्रार करतात, दागिने परत मागतात, पोर हक्काने मागून घेतात. कोकणातल्या बाईला ओळखणाऱ्याला याचे आश्चर्य वाटणार नाही.

पण सगळ्याच बायका अर्ज करीत नसत, आणि अर्ज न करणाऱ्या बाईचा कागद फार पातळ असतो. पुरुषाच्या क्रमांकासमोर पुढची वीस वर्षे काही ना काही लिहिले जाते: कोणता मळा, किती वर्षांचा करार, कधी पळाला, कधी सापडला. मॉरिशसमध्ये बायकांकडून बहुधा मजुरीचा करार लिहून घेत नसत. त्यांनी काम केले नाही असे नव्हे, कागदावर केले नाही. त्यामुळे त्यांच्या नावासमोर उतरल्याची तारीख येते आणि मग रिकामी ओळ. १८६०च्या दशकात मजुरांचे फोटो काढायला लागले, आणि १८६७च्या कायद्याने जुन्या मजुरालाही फोटोचा पास खिशात बाळगावा लागला. पण त्या पासाचा रोख मळ्यावरून मळ्यावर फिरणाऱ्या पुरुषांवर होता. आमच्या पाहुण्या बाईंकडे खापरपणज्याचा फोटो आहे. मिशा, छातीवर पाटी, डोळ्यांत थोडा राग. तिचा नाही.

यापुढचा घोळ फ्रेंच कायद्याने केला आहे. बेटावर नेपोलियनची संहिता चालू होती, आणि तिच्या लेखी लग्न म्हणजे नोंदणी कचेरीतले लग्न. भटाने लावलेले, पंचांसमोर लावलेले, हळद-कुंकवाचे, यांतले कोणतेच लग्न नव्हे. त्यामुळे रीतसर लग्न करून सुखाने नांदणाऱ्या जोडप्याचे मूलही दाखल्यावर 'आंफां नातुरेल' म्हणजे अनौरस लिहिले जाई. बापाने कचेरीत जाऊन ते आपले म्हणून मान्य केले तर त्याचे नाव, नाहीतर आईचे. आता गंमत अशी की त्या काळच्या कुणब्याला, मराठ्याला किंवा महाराला कागदावर आडनाव नसेच. नाव आणि बापाचे नाव, संपले. कारकुनाला मात्र फ्रेंच नमुन्याप्रमाणे आडनावाचा रकाना भरायचा असे. त्याने बापाचे नाव तिथे बसवले. म्हणूनच आज मॉरिशसच्या मराठी घरांची आडनावे भिवाजी, सखाराम, बाबाजी अशी आहेत. आपल्याकडे ज्या नावाने आपण कुणाच्या आजोबांना हाक मारू, ते तिथे दारावरच्या पाटीवर आहे. आणि बापाने कचेरी गाठली नाही अशा घरांत आईचे पाळण्यातले नाव पुढच्या पाच पिढ्यांचे आडनाव होऊन बसले आहे. आमच्या पाहुण्या बाईंच्या आईकडचे आडनाव हे असेच त्या चार फूट अकरा इंचांच्या बाईचे नाव आहे, फ्रेंच स्पेलिंगमध्ये जरा चेपलेले. इकडे राहती तर तिचे नाव तिच्या नातवंडांनाही नीट ठाऊक नसते. तिकडे कायद्याच्या एका आडमुठेपणामुळे वकील, ड्रायव्हर आणि शिक्षिका असे पन्नासेक लोक आज ते नाव लावतात.

२०२४च्या मार्चमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या, तेव्हा सातव्या पिढीपर्यंतच्या मूळ भारतीयांना परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड देण्याची घोषणा झाली. मोकाच्या संस्थेतले दाखले तेव्हापासून फार कामाचे झाले आहेत. मी बाईंना विचारले, कार्डासाठी हवे आहे का? त्या हसल्या. कार्डाचे काम वडिलांच्या बाजूने, त्या मिशीवाल्याच्या कागदावर होण्यासारखे होते. 'हिचे मला फक्त पाहायचे आहे,' त्या म्हणाल्या.

मग आम्ही कागद घेऊन बसलो.

'निवरी' नावाचे गाव रत्नागिरीत नाही. पण ळ हे अक्षर इंग्रजांच्या कानाला कधीच पेलले नाही, ते त्याचा र करीत किंवा ल. तेव्हा निवरी म्हणजे निवळी असू शकते. रत्नागिरी तालुक्यात, हातखंब्याच्या पुढे, हमरस्त्यावर. किंवा गणपतीपुळ्याच्या वाटेवरचे नेवरे, समुद्राच्या अंगाचे. किंवा संगमेश्वर तालुक्यातले निवे, ज्याचे बुद्रुक आणि खुर्द असे दोन भाग आहेत. बोलणाऱ्याने 'निव्याची' म्हटले आणि लिहिणाऱ्याने निवरी ऐकले, हेही अशक्य नाही. मुंबईच्या धक्क्यावरचा कारकून बहुधा जेवणाच्या वेळेआधी रांग संपवायच्या घाईत असावा.

गावाचा प्रश्न निदान नकाशावर सुटण्यासारखा होता. खरी अडचण माझ्या बायकोच्या लक्षात आली. चहा ठेवता ठेवता तिने विचारले, 'हे गाव माहेरचं की सासरचं?'

मी बारा-पंधरा वर्षे जुने कागद वाचतो आहे, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. नोंदवहीत गावाचा एकच रकाना आहे. पुरुषाला तो पुरतो. बाईला दोन लागतात. आम्ही लगेच त्या मिशीवाल्याचा उतारा काढला. जहाज तेच, दिवस तोच, गाव निवरी. आणखी दोघांचे उतारे बाईंकडे होते, त्यांचेही गाव निवरी. म्हणजे एका गावची टोळी एकत्र निघाली, त्यातल्या एकाची ही बायको. कारकुनाने पहिल्याला गाव विचारले आणि खाली 'तेच, तेच, तेच' ओढले असणार. तेव्हा निवरी जे काही असेल ते तिचे सासर. तेही ती खरोखर त्याची लग्नाची बायको असेल तर.

मग नावाचे पाहू. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. कागदावरचे नाव पाळण्यातले की तांदळात लिहिलेले? ते कळायला मार्ग नाही. म्हणजे आज पन्नास लोक जे आडनाव लावतात ते कदाचित तिच्या बापाने ठेवलेले नसेल, त्या मिशीवाल्याने ठेवलेले असेल. या सबंध उताऱ्यात माहेरची म्हणून खात्रीने सांगता येतील अशा दोनच गोष्टी उरल्या. एक बापाचे नाव. दुसरी हातावरचे गोंदण, कारण गोंदण बहुधा लग्नाआधी होते.

बापाचे नाव घेऊन इकडे शोधावे, तर कुठे? कोकणातल्या ब्राह्मण घराण्यांची कुलवृत्तांताची जाडजूड पुस्तके आहेत. माझ्याच कपाटात चार आहेत, आणि त्यांत प्रत्येक गोत्रपुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे असा वृक्ष फांद्यांसकट दिलेला असतो. मुली 'अमुक गावी दिल्या' एवढ्या. कुणब्यांचे असे पुस्तक नाही. खोताच्या वहीत कुळाचे नाव असते, पण ते पुरुषाचे, आणि तेही भाताच्या मणांसाठी. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी नीट मिळतात त्या तिच्या जाण्यानंतरच्या. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याच्या पुराभिलेखागारात परदेशी गेलेल्या मजुरांबाबतची सरकारी पत्रे आहेत. त्यांत जहाजे आहेत, डॉक्टर आहेत, पाण्याची पिंपे किती याचा हिशोब आहे. माणसांची नावे क्वचित.

एक गोष्ट मला तेव्हापासून टोचते आहे. १८८६मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्या मुलींच्या जन्मतारखा, त्यांची प्रेमप्रकरणे, त्यांचे खर्च, सगळे लिहिलेले आहे. थोरली राजकन्या १९४७मध्ये इथेच वारली, आणि तिच्या वंशाची गोष्ट रत्नागिरीतला रिक्षावालाही पर्यटकांना सांगतो. बाहेरून आलेल्या त्या बाईचे आम्हाला सारे माहीत. इथून गेलेल्या या बाईची एकमेव ओळ आहे, आणि ती जपली आहे ती बेटावर. ती गेलीच नसती तर तीही नसती.

बेटावर तिचे काय झाले? चार मुले झाली, त्यांतली दोन वाचली. १८६६–६८मध्ये मलेरियाने मॉरिशसमध्ये हजारो माणसे नेली, त्यात मिशीवाला गेला. तिचा मृत्यू त्यानंतर बऱ्याच वर्षांनी नोंदवला आहे, तो मुलाने. बेटाच्या पश्चिम भागात, कास्काव्हेलच्या आसपास मराठी वस्ती दाट होती, आणि ती तिथेच राहिली. हेन्रिएता इथल्या भिवाजी कुटुंबाने १८९६मध्ये गणपती बसवला आणि तिथून बेटावरचा गणेशोत्सव सुरू झाला, असे तिकडचे मराठी लोक सांगतात. आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते. गणपतीपुढे जो नाच होतो त्याला ते 'झाकरी' म्हणतात. बाईंनी मोबाइलवर दाखवला. पायांत चाळ, गोल फेर, मध्ये ढोलकी. आमची जाखडी. गुहागर-संगमेश्वरकडे बाल्या नाच म्हणतात तीच. एक पाऊल पुढे टाकून अर्धे वळण घेतात, तेसुद्धा तसेच.

१९०५नंतर स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचे ऐकून रत्नागिरीच्या लोकांनी मोरस सोडली आणि गुळाचा चहा घेतला. ती साखर ज्यांनी केली त्यांत कुणाच्या तरी पणजीची बहीण असेल, असे त्यांना कुणी सांगितले नाही. सांगितले असते तरी त्यांनी चहा गुळाचाच घेतला असता, आणि तेही बरोबरच होते.

गाव ठरवायला शेवटी कागद उपयोगी पडला नाही. मी बाईंना विचारले, घरात काही गोष्ट चालत आली आहे का? नदी, डोंगर, देव? कोकणात माणूस शोधायचा तर आडनावापेक्षा ग्रामदेवता विचारावी. शिमग्याला पालखी कोणाची, एवढे कळले की निम्मे काम होते. देवाचे नाव त्यांना आठवेना. त्यांच्या आजीच्या तोंडी मात्र एक गोष्ट होती: गावाहून निघताना तर ओलांडली, आणि तरीवरच्या माणसाने पैसे घेतले नाहीत. 'तर म्हणजे काय ते मला माहीत नव्हते,' बाई म्हणाल्या. 'मी शब्दकोशात पाहिले.'

तर म्हणजे खाडी उतरायची होडी. निवळी आत डोंगरात, निवे तर पार घाटाच्या पायथ्याकडे. खाडीशी नाते सांगता येईल ते नेवऱ्याचे. पुरावा म्हणून हे अगदीच लंगडे आहे. संगमेश्वरहूनही माणूस मुंबईला निघाला तर कुठली ना कुठली खाडी उतरणारच. तरीही मी रिक्षा ठरवली आणि आम्ही नेवऱ्याला गेलो.

एका वाडीत ओटीवर बसलेल्या आजींना मी येण्याचे कारण सांगितले. त्यांनी बाईंना हाताला धरून शेजारी बसवले. 'आडनाव काय तुमचा?' बाईंनी आईकडचे आडनाव सांगितले. आजी म्हणाल्या, 'तो नाव झाला गो. आडनाव इचारतंय मी.' मी मध्ये पडून तो सगळा फ्रेंच घोळ समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि मग थेट मुद्द्यावर आल्या.

'सासर हयचा असात. माहेर खंयचा तिचा?'

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, तेवढेच कळत नाही. बापाचे नाव आहे फक्त. मी ते सांगितले.

आजींनी आपल्या दोन्ही हातांची गोंदणे बाईंपुढे धरली. एकावर तुळशीवृंदावन, दुसऱ्यावर ठिपके. ती त्यांना त्यांच्या माहेरी, पलीकडच्या गावी काढली होती. 'त्या नावाचे आमच्या माहेरी चार म्हातारे होते माझ्या लहानपणी,' त्या म्हणाल्या. 'कोणाकोणाचे सांगू?'

बाईंनी पिशवीतून वही काढली आणि चौघांची घरे कुठे होती ते लिहून घेतले.